कोकणातील बंद घर आणि खोटा अलार्म

शिमगा आटोपून चाकरमानी मुंबईला परतले की रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कित्येक घरांना मे महिन्यापर्यंत, काहींना तर थेट गणपतीपर्यंत कुलूप असते. अशा घरांत अलीकडे घरफोडीचा इशारा देणारी यंत्रणा बसू लागली आहे आणि तिच्याबरोबर रात्री-अपरात्री विनाकारण बोंबलणारा भोंगाही वाडीत आला आहे. यंत्र स्वस्तातले निघाले, असे म्हणून आपण विषय संपवतो. पण खोट्या अलार्मचे मूळ पुष्कळदा साध्या गणितात आणि आपल्या हवेत असते.

समजा, एखादे घर वर्षातील 300 रात्री बंद असते आणि त्यातला सेन्सर शंभर रात्रींतून एकदाच चुकतो. ही कामगिरी वाईट नाही, तरीही वर्षाला तीन खोटे अलार्म होतात. त्या घरात तीस वर्षांतून एकदा चोर शिरतो असे धरले, तर एका खऱ्या अलार्ममागे नव्वद खोटे पडतात. अमेरिकेत पोलिसांपर्यंत पोहोचणाऱ्या घरफोडीच्या अलार्मपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक खोटे आढळले, ते याच हिशेबाने. म्हणून तिथल्या अनेक शहरांत अलार्मची नोंदणी करावी लागते आणि वारंवार खोटा वाजल्यास दंड भरावा लागतो. सॉल्ट लेक सिटीने तर 2000 साली, कोणीतरी जागेवर खात्री केल्याखेरीज पोलीस जाणार नाहीत, असाच नियम केला.

घरात सर्वाधिक वापरला जाणारा सेन्सर अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांवर चालतो. तो स्वतः काहीही सोडत नाही, समोरून येणारी उष्णता तेवढी टिपतो. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण 33 अंश सेल्सिअस असते आणि तिच्यातून निघणारे अवरक्त किरण साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत तीव्र असतात. सेन्सरच्या आत अशा किरणांना प्रतिसाद देणारे दोन तुकडे एकमेकांविरुद्ध जोडलेले असतात. सगळी खोली सावकाश तापली तर दोघांचे संकेत एकमेकांना रद्द करतात. परंतु ऊबदार शरीर आडवे चालत गेले की आधी एक तुकडा तापतो, मग दुसरा, आणि त्या चढउतारावरून आतले विद्युत मंडल (सर्किट) हालचाल ओळखते. पुढची प्लॅस्टिकची खाचेदार लेन्स खोलीचे अनेक पट्टे पाडते. त्यामुळे चोर सेन्सरच्या दिशेने सरळ आला तर तो उशिरा कळतो, आडवा गेला तर लगेच. मागीलदाराकडून माजघरात येणारी वाट सेन्सरला आडवी पडेल असा कोपरा निवडावा, तो याचसाठी.

आता मे महिन्यातले बंद घर डोळ्यांसमोर आणा. आतली हवा आणि भिंती 33-34 अंशांवर गेल्या की माणूस आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक जवळजवळ पुसला जातो. चांगले सेन्सर अशा वेळी आपली संवेदनशीलता आपोआप वाढवतात. मग वाऱ्याने हललेला तापलेला पडदाही त्यांना पुरतो. कौलारू घरात उजेडासाठी बसवलेले काचेचे कौल हा आणखी एक धोका आहे. त्यातून पडणारा उन्हाचा तुकडा जमीन तापवतो, ढग आला की ती निवते, आणि सेन्सरचा रोख नेमका तिथे असेल तर गोंधळ होतो. लेन्सवर चढलेली पाल तर सेन्सरच्या अगदी डोळ्यावरच असते. तिच्या लहानशा अंगाने अख्खे पट्टे झाकले जातात. माळ्यावरची वटवाघळे खरोखरच ऊबदार आणि खरोखरच हलणारी असतात, तेव्हा तिथे सेन्सरला दोष देण्यात अर्थ नाही. तो माळ्याकडे रोखू नये, हेच बरे.

पावसाळ्यात अडचण दारांकडे सरकते. दाराच्या चौकटीत बारीक चुंबकीय स्विच आणि फळीवर चुंबक असतो. दोघे लांब गेले की दार उघडले असे समजले जाते. लाकूड दमटपणाने रुंदीत फुगते, लांबीत फारसे नाही. फुगलेले दार नीट बसत नाही, आणि तेच दार उन्हाळ्यात आकसून वाऱ्यावर खडखडते. जुन्या फणसाच्या वा सागाच्या दारांना जास्त अंतर चालवून घेणारा स्विच मागून घ्यावा. किनाऱ्यावर खाऱ्या हवेची भर पडते. तारेच्या टोकाला ठरावीक रोध (विजेच्या वाहण्याला होणारा अडथळा) जोडून यंत्रणा त्या तारेवर लक्ष ठेवते. जोड गंजला की रोध वाढतो आणि तार तुटल्यासारखा इशारा जातो.

भोंग्याच्या आवाजाला आपल्याकडे सर्वांत आधी लागू होतो तो 2000 चा ध्वनिप्रदूषण नियम. निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल आहे. खासगी जागेच्या हद्दीवर आवाज यापेक्षा पाच डेसिबलहून वर जाता कामा नये. एक मीटरवर 110 डेसिबल असलेला भोंगा उघड्यावर 32 मीटरवरही सुमारे 80 डेसिबल राहतो. सार्वजनिक आणीबाणीचा अपवाद नियमांत आहे, पण लेन्सवरची पाल काही त्यात बसत नाही. इंग्लंडच्या 2005 च्या कायद्याने स्थानिक परिषदांना विशेष क्षेत्रे ठरवण्याचा अधिकार दिला. तिथल्या अलार्मधारकाला चावी ठेवणाऱ्याचे नाव कळवावे लागते आणि भोंगा वीस मिनिटांहून अधिक सलग वाजला तर अधिकारी आवारात शिरून तो बंद करू शकतात.

कोकणात चावी शेजारी असतेच. तिच्यासोबत यंत्रणा बंद करण्याचा आकडा आणि मालकाचा फोन नंबर द्यायचा तेवढा राहतो. पोलीस पाटलाला आणि ठाण्याला ते नाव कळवले, भोंगा पाच मिनिटांत आपोआप थांबेल अशी सोय केली आणि दोन सेन्सरनी दुजोरा दिल्याशिवाय तो वाजणार नाही असे ठरवले, तर ग्रामसभेला वेगळा ठराव करावा लागू नये. चाचणी मात्र गणपतीत, घर माणसांनी भरलेले असताना करू नये. ती मे महिन्यात भर दुपारी, दारे-खिडक्या लावून, भोंग्याची जोडणी तात्पुरती काढून करावी: मागीलदाराने शिरून माजघरातून चालत जावे आणि सेन्सरचा लाल दिवा कुठे लागतो, कुठे लागत नाही ते पाहावे. दारांची तपासणी चावी ठेवणाऱ्याने आषाढात पुन्हा एकदा करावी.