दुचाकीचा परवाना: शिकाऊ ते पक्का, आणि मधले तीस दिवस

मोटारसायकल किंवा स्कूटर चालवण्याचा परवाना कसा मिळवायचा, हे मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी ठरवून दिलेले आहे. अधिनियमात २०१९ मध्ये झालेली दुरुस्ती आणि नियमांत २०२१ मध्ये झालेले बदल यांमुळे कागदपत्रांचा भाग बराच सुटसुटीत झाला असून अर्ज आणि शिकाऊ परवान्याची परीक्षा या दोन्ही गोष्टी आता घरबसल्या उरकता येतात. प्रशिक्षणाचा भाग मात्र त्या मानाने मागेच राहिला आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. त्यामुळे अर्ज कसा करावा हे सांगतानाच, कोणत्या टप्प्यावर शिकण्याला किती वाव ठेवला आहे, याचाही विचार येथे केला आहे.

वाहनवर्ग आणि वय

अर्ज भरताना सर्वांत आधी वाहनवर्ग निवडावा लागतो आणि पुढे पस्तावण्याची वेळ बहुधा याच रकान्यामुळे येते. दुचाकीचे मुख्य वर्ग दोनच आहेत: विनागिअर मोटारसायकल आणि गिअरची मोटारसायकल. गिअरच्या मोटारसायकलची चाचणी उत्तीर्ण झालेली व्यक्ती विनागिअर वाहनाची चाचणीही उत्तीर्ण झाली, असे कलम ९ मानते. याच्या उलट मात्र होत नाही. आज घरात स्कूटर आहे म्हणून विनागिअरचा परवाना काढला आणि दोन वर्षांनी गिअरची गाडी घेतली, तर नवा वर्ग जोडण्यासाठी पुन्हा शिकाऊ परवान्यापासून सुरुवात करावी लागते आणि शुल्कही पुन्हा भरावे लागते. ज्यांना गिअरची गाडी शिकणे शक्य आहे, त्यांनी पहिल्याच वेळी तोच वर्ग निवडावा, हे उत्तम.

वयाची अट १८ वर्षे पूर्ण अशी आहे. अपवाद एकच, तो म्हणजे ५० घन सेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाची विनागिअर दुचाकी. ती १६ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला चालवता येते. मात्र त्यासाठी पालकांची लेखी संमती जोडावी लागते. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या स्कूटर १०० घन सेंटीमीटरच्या वरच्या असल्याने ही सवलत आता जवळजवळ कागदावरच उरली आहे आणि तिच्या भरवशावर अकरावीतल्या मुलाच्या हाती घरची स्कूटर देणे बेकायदेशीर ठरते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ नुसार, अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. दंडाची रक्कम सर्वांच्या लक्षात राहते, पण मुलाच्या दृष्टीने जास्त जड आहे ती ही शेवटची तरतूद.

ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॅटपेक्षा कमी क्षमतेच्या विद्युत दुचाकी, नियमांतील इतर अटी पूर्ण करत असतील तर, मोटार वाहन समजल्या जात नाहीत व त्यांना परवाना लागत नाही. त्यापुढच्या प्रत्येक विद्युत स्कूटरला परवाना लागतोच.

शिकाऊ परवान्याचा अर्ज

अर्ज ‘सारथी’ या शासकीय संकेतस्थळावर नमुना २ मध्ये करायचा असतो. पूर्वी शिकाऊ परवाना, पक्का परवाना, नूतनीकरण आणि पत्त्यातील बदल यांसाठी वेगवेगळे नमुने होते; २०२१ पासून ही सारी कामे एकाच नमुन्यात होतात. त्यासोबत नमुना १ म्हणजे शारीरिक सक्षमतेचे स्वघोषणापत्र द्यावे लागते. अर्जदाराचे वय ४० च्या वर असल्यास नोंदणीकृत डॉक्टरने भरलेले नमुना १-अ चे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. वय आणि पत्ता यांच्या पुराव्यासाठी आधार, पारपत्र, मतदार ओळखपत्र, जन्मदाखला, शाळेचा दाखला यांसारखी कागदपत्रे चालतात. शिक्षणाची कोणतीही किमान अट नाही.

आधार प्रमाणीकरणाचा मार्ग निवडला तर कार्यालयात जावे लागत नाही, कारण नाव, जन्मतारीख, पत्ता आणि छायाचित्र आधारवरूनच घेतले जाते. या सोयीची दुसरी बाजू अशी की, आधारवर जुना पत्ता, चुकलेले आडनाव किंवा शाळकरी वयातला फोटो असेल तर तोच परवान्यावर उतरतो. म्हणून आधी आधार दुरुस्त करून घ्यावे, त्याला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला आहे ना हे पाहावे आणि मगच अर्जाला हात घालावा. ज्यांना आधार वापरायचे नाही, त्यांनी वेळ आरक्षित करून परिवहन कार्यालयात जावे, कागदपत्रे दाखवावीत आणि तेथेच परीक्षा द्यावी.

केंद्रीय नियमांनुसार शिकाऊ परवान्याचे शुल्क प्रत्येक वाहनवर्गासाठी १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये आहे. राज्याचा सेवा आकार त्यावर वेगळा लागतो. घरून परीक्षा देणाऱ्याला आधी रस्ता सुरक्षेची चित्रफीत पाहावी लागते. प्रश्न वाहतुकीची चिन्हे, रस्त्याचे नियम, अपघात झाल्यास चालकाची कर्तव्ये, फाटक नसलेले रेल्वेमार्ग ओलांडताना घ्यायची काळजी आणि वाहनासोबत बाळगायची कागदपत्रे यांवर असतात. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. अनुत्तीर्ण झाल्यास परीक्षेचे शुल्क पुन्हा भरून ती परत देता येते. परीक्षा घरून होत असल्याने तिला दुसऱ्यालाच बसवण्याचे प्रकार घडतात. ते गैर तर आहेतच, शिवाय ज्याला चिन्हे ओळखता येत नाहीत तो महिन्याभरात त्याच चिन्हांच्या रस्त्यावर उतरणार असतो.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि भारतभर वैध असतो. त्याचे नूतनीकरण होत नाही. मुदत टळली की नव्याने अर्ज करावा लागतो.

मधले तीस दिवस

शिकाऊ परवाना मिळाल्यापासून किमान ३० दिवस गेल्याशिवाय पक्क्या परवान्याच्या चाचणीला बसता येत नाही. कायद्याने नवशिक्या दुचाकीस्वारासाठी खात्रीने राखून ठेवलेला शिकण्याचा काळ तो एवढाच. या काळात काय शिकावे, किती तास शिकावे, कोणाकडून शिकावे, याची नोंद खासगी दुचाकीच्या अर्जदाराकडे कोणी मागत नाही. गाडीला हातही न लावता महिना काढला तरी तीस दिवस भरतातच.

नियम ३ मध्ये या काळासाठीच्या अटी आहेत. वाहनाच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात ‘एल’ हे अक्षर असले पाहिजे आणि त्याची पाटी १८ सेंटीमीटर चौरस असावी, असे नियम सांगतो. शिकाऊ चालकाला मागे कोणालाही बसवता येत नाही. बसू शकतो तो फक्त शिकवणारा, आणि त्याच्याकडे त्या वर्गाचा पक्का परवाना असावा लागतो. तो वाहन नियंत्रित करू शकेल किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला असावा, असेही नियमात म्हटले आहे. हे वाक्य लिहिताना नियमकर्त्यांच्या डोळ्यांपुढे चारचाकी होती, हे उघड आहे. मोटारसायकलच्या मागच्या आसनावरून ना ब्रेक दाबता येतो ना क्लच. म्हणूनच दुचाकीचे पहिले धडे मोकळ्या मैदानावर, शिकवणारा बाजूला उभा असताना घेणे अधिक शहाणपणाचे.

या तीस दिवसांत काय साधावे, याचे उत्तर नियमांत नसले तरी अनुभवी प्रशिक्षकांचा भर ठरावीक गोष्टींवर असतो: दोन्ही ब्रेक एकत्र आणि प्रमाणात लावून गाडी सरळ रेषेत थांबवणे, अगदी कमी वेगात तोल सांभाळत वळणे, क्लचच्या अर्ध्या पकडीवर गाडी पुढे नेणे, वळण्याआधी आरशाबरोबरच मान वळवून मागे पाहणे, आणि ओल्या किंवा खडीच्या रस्त्यावर पुढचा ब्रेक हळू हाताने वापरणे. यांतील पहिली गोष्ट नवशिक्याला सर्वांत उशिरा जमते, कारण घाबरल्यावर पाय आपोआप मागच्या ब्रेकवर जोर देतो आणि हात पुढचा ब्रेक विसरतो. तिचा सराव आधी कमी वेगात, मग थोड्या जास्त वेगात, पुन्हा पुन्हा करावा.

प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आणि त्यांबद्दलचा गोंधळ

२०२४ च्या मे महिन्यात अशी बातमी पसरली होती की, १ जूनपासून परिवहन कार्यालयातील चाचणी बंद होणार असून खासगी मोटार ड्रायव्हिंग स्कूलच परवाने देणार आहेत. मंत्रालयाने तेव्हाच तिचे खंडन केले होते, पण तो समज अजून पुरता गेलेला नाही, म्हणून थोडे खोलात जायला हवे.

नियम ३१-ब ते ३१-ञ हे अधिमान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांविषयीचे नियम ७ जून २०२१ च्या अधिसूचनेने आले आणि १ जुलै २०२१ पासून लागू झाले. अशा केंद्राचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला नमुना ५-ब मधील प्रमाणपत्र मिळते आणि त्या आधारे परिवहन कार्यालयातील वाहनचाचणीतून सूट मिळते. परवाना तेव्हाही परवाना प्राधिकारीच देतो. गल्लोगल्ली दिसणारी साधी ड्रायव्हिंग स्कूल नियम २४ खाली चालतात व त्यांचे प्रमाणपत्र नमुना ५ मध्ये असते. त्याने चाचणी चुकत नाही. ‘आमच्याकडे शिकलात तर चाचणी द्यावी लागणार नाही’ असे सांगणाऱ्या संस्थेला त्यामुळे एकच प्रश्न विचारावा: प्रमाणपत्र नमुना ५ चे की ५-ब चे?

खेदाची बाब अशी की, कायदा प्रशिक्षण सक्तीचे करतो तो बहुतांशी काहीतरी बिघडल्यानंतर. तीन वेळा चाचणीत अनुत्तीर्ण झालेल्या अर्जदाराला २०१९ च्या दुरुस्तीनुसार उपचारात्मक प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि परवाना निलंबित झालेल्या चालकाला तो परत मिळवण्यासाठी उजळणी अभ्यासक्रम करावा लागतो. पहिल्यांदा गाडीवर बसणाऱ्या खासगी दुचाकीस्वाराला मात्र असे बंधन नाही.

बदल कोठे शक्य आहेत

युरोपीय संघात २०१३ पासून दुचाकीचा परवाना पायऱ्यांनी मिळतो. सर्वसाधारणपणे १६ व्या वर्षी १२५ घन सेंटीमीटर व ११ किलोवॅटपर्यंतची, १८ व्या वर्षी ३५ किलोवॅटपर्यंतची, आणि त्या वर्गाचा दोन वर्षांचा अनुभव घेतल्यावर कोणत्याही शक्तीची मोटारसायकल चालवता येते; मधली पायरी गाळून थेट मोठ्या गाडीकडे जाणाऱ्याला २४ वर्षांचे व्हावे लागते. ब्रिटनमध्ये १९९० पासून नवशिक्याला रस्त्यावर एकट्याने जाण्याआधी सक्तीचे मूलभूत प्रशिक्षण पूर्ण करावे लागते आणि त्याचे प्रमाणपत्र दोन वर्षे चालते.

आपल्याकडे १०० घन सेंटीमीटरच्या गाडीवर चाचणी दिलेला अठरा वर्षांचा मुलगा दुसऱ्याच दिवशी ६५० घन सेंटीमीटरची मोटारसायकल कायदेशीरपणे चालवू शकतो. येथे पायऱ्या आणायच्या तर अधिनियमाचे कलम १० बदलावे लागेल, कारण वाहनवर्ग त्या कलमातच लिहिलेले आहेत आणि ते काम संसदेचे आहे. त्या मानाने तीस दिवसांची मुदत वाढवणे आणि सरावाच्या तासांची नोंद मागणे सोपे आहे; ती मुदत नियमांत असल्याने अधिसूचनेने बदलता येते. माझ्या मते सुरुवात येथूनच व्हावी.

पक्क्या परवान्याची चाचणी

तीस दिवसांनंतर आणि शिकाऊ परवान्याची मुदत संपण्यापूर्वी ‘सारथी’वर पुन्हा अर्ज करून चाचणीची वेळ घ्यावी. चाचणीचे शुल्क प्रत्येक वर्गासाठी ३०० रुपये आणि परवान्याचे २०० रुपये आहे. गर्दीच्या कार्यालयांत तारखा लांबच्या मिळतात, म्हणून सहाव्या महिन्यापर्यंत थांबू नये.

चाचणीला जाताना शिकाऊ परवाना, ज्या वर्गासाठी अर्ज केला त्याच वर्गाचे वाहन, त्याचे नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमा आणि पीयूसी प्रमाणपत्र सोबत असावे. वाहन स्वतःच्या मालकीचे असण्याची गरज नाही. पण गिअरचा अर्ज करून स्कूटर घेऊन गेल्यास चाचणी होत नाही. हेल्मेट हवेच. मोटार वाहन निरीक्षक अनेक ठिकाणी इंग्रजी आठच्या आकाराच्या मार्गावर पाय न टेकवता गाडी चालवायला सांगतात आणि इशारे, आरशांचा वापर, थांबणे यांकडे पाहतात. अनुत्तीर्ण झाल्यास सात दिवसांनी पुन्हा बसता येते, आणि तिसऱ्यांदाही तसेच झाल्यास ६० दिवस थांबावे लागते.

परवाना हाती आल्यावर

कार्ड मिळताच नाव, जन्मतारीख, पत्ता आणि वाहनवर्ग तपासावा. चूक आढळल्यास लगेच दुरुस्तीचा अर्ज करावा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या ॲपमधील परवानाही रस्त्यावरच्या तपासणीत ग्राह्य असतो.

तिशीच्या आत परवाना घेणाऱ्याला तो वयाच्या ४० व्या वर्षापर्यंत मिळतो, ३० ते ५० या वयात दहा वर्षांसाठी, ५० ते ५५ या वयात ६० व्या वर्षापर्यंत आणि त्यापुढे पाच वर्षांसाठी. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी एक वर्ष ते मुदत संपल्यानंतर एक वर्ष या काळात करता येतो. त्याहून उशीर झाल्यास चाचणी नव्याने द्यावी लागते.