ग्रॅप आणि एनकॅप: एकाची पट्टी दुसऱ्याला लावू नका

थंडी पडली की दिल्लीत ग्रॅपचे, म्हणजे प्रदूषणावरच्या आणीबाणीच्या निर्बंधांचे, टप्पे लागू होतात आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो: ‘हवा स्वच्छ करण्यासाठीच्या एनकॅपवर एवढा पैसा ओतला, मग ग्रॅपचा चौथा टप्पा लावायची वेळ आलीच कशी?’ उलट बाजूही तितकीच ठरलेली. ग्रॅपचे निर्बंध उठले की ‘हवा सुधारली’ असे मथळे झळकतात. दोन्हीकडे एका योजनेचे गुण दुसऱ्या योजनेच्या पट्टीने मोजले जातात, आणि खरा जाब विचारायचा राहून जातो.

ग्रॅप बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. ही दिल्ली आणि राजधानी परिसरासाठीची आणीबाणीची योजना, 2017 साली अधिसूचित झालेली. आता ती वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोग राबवतो. दिल्लीचा हवा निर्देशांक (एक्यूआय; आकडा जितका मोठा तितकी हवा वाईट) 201 च्या वर गेला की पहिला टप्पा, 301 ला दुसरा, 401 ला तिसरा, 450 च्या पुढे चौथा. बांधकामे थांबतात, जुन्या गाड्यांवर बंदी येते, ट्रक सीमेवर अडतात. आकडा उतरला की निर्बंध मागे.

एनकॅप म्हणजे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम. जानेवारी 2019 मध्ये तो सुरू झाला. आता त्यात 130 शहरे आहेत, त्यातली 19 महाराष्ट्रातली. मुंबई, पुणे, नागपूर तर आहेतच, पण चंद्रपूर, जालना, सांगली, बदलापूरही आहेत. सुरुवातीचे उद्दिष्ट होते 2024 पर्यंत धूलिकण 20 ते 30 टक्क्यांनी घटवण्याचे. पुढे ते 2025-26 पर्यंत 40 टक्के, नाहीतर राष्ट्रीय मानक गाठणे, असे वाढवले गेले. दिल्ली दोन्ही योजनांमध्ये येते. गोंधळाचे मूळ बहुधा तिथेच आहे.

एक तातडीची, दुसरी लांब पल्ल्याची, हा फरक कुणीही सांगेल. लोक अडखळतात ते मोजमापात. ग्रॅप चालतो रोजच्या निर्देशांकावर. एनकॅपचे उद्दिष्ट आहे पीएम10 या जाड धूलिकणांची वर्षभराची सरासरी, घनमीटरमागे मायक्रोग्रॅममध्ये. या दोन आकड्यांची तुलना सरळ होतच नाही.

आधी निर्देशांक बघू. तो आठ प्रदूषकांपैकी सर्वांत वाईट असेल त्याच्यावरून ठरतो, आणि त्याच्या पायऱ्या समान उंचीच्या नाहीत. पीएम2.5 म्हणजे सूक्ष्म कण 60 मायक्रोग्रॅमवरून 90 वर गेले की निर्देशांक 100 वरून 200 होतो. तो 300 वरून 400 व्हायला मात्र हेच कण 120 वरून 250 वर जावे लागतात. म्हणजे निर्देशांक 400 असताना हवेत 200 च्या दुप्पट नाही, जवळजवळ पावणेतीन पट सूक्ष्म कण असतात. त्यामुळे ‘शहराचा वार्षिक सरासरी निर्देशांक’ काढून एनकॅपला पास-नापास ठरवणाऱ्या बातम्या मला अजिबात पटत नाहीत. त्या आकड्यातून कार्यक्रमाच्या उद्दिष्टाबद्दल काहीही कळत नाही.

आता वार्षिक सरासरी. समजा एका शहरात 2017-18 ला, म्हणजे तुलनेच्या मूळ वर्षी, पीएम10 ची सरासरी 150 होती. आज वर्षातले 335 दिवस पीएम10 71 च्या आसपास आहे आणि हिवाळ्यातले 30 दिवस 300 आहे. सरासरी निघते 90. म्हणजे 40 टक्के घट, उद्दिष्ट पूर्ण! तरीही 60 चे वार्षिक मानक दूरच आहे आणि ते 30 दिवस हवा ‘वाईट’ श्रेणीतच आहे. दिल्लीसारखा नियम तिथे असता तर महिनाभर निदान पहिला टप्पा लागू राहिला असता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

त्यातच कणांचा फरक. हिवाळ्यात दिल्लीचा निर्देशांक चढतो तो मुख्यतः पीएम2.5 मुळे, आणि हे कण येतात ज्वलनातून, वाहनांच्या धुरातून, हवेतल्या वायूंच्या रासायनिक प्रक्रियेतून. एनकॅपच्या निधीचा मोठा वाटा मात्र गेला रस्त्यावरच्या धुळीवर: झाडणारी यंत्रे, पाणी फवारणाऱ्या गाड्या, रस्त्यांच्या कडा पक्क्या करणे. ही कामे निरुपयोगी नाहीत, पीएम10 त्यांनी खाली येतो. पण त्यांच्या जोरावर श्वासात खोल जाणारे कण घटतील ही अपेक्षा चुकीची आहे. उद्दिष्ट पीएम2.5 वर असायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे.

मुंबईतल्या बातम्यांबद्दलही एक. ‘मुंबईत ग्रॅप लागू’ हे वाक्य कितीही छापले तरी ग्रॅप राबवणाऱ्या आयोगाचे अधिकारक्षेत्र राजधानी परिसर आणि लगतच्या राज्यांतल्या भागांपुरतेच आहे. 2024 च्या डिसेंबरअखेर बोरिवली पूर्व आणि भायखळ्यातली बांधकामे थांबली, ती मुंबई महापालिकेच्या निर्णयाने. बांधकामाभोवती उंच पत्रे, हिरवे कापड, पाण्याची फवारणी ही 2023 च्या ऑक्टोबरमधली नियमावलीही महापालिकेचीच. हे नीट कळले तर तक्रार दिल्लीकडे न जाता वॉर्ड ऑफिसात जाईल.

आणि एनकॅपचा जाब विचारायचा असेल तर तुमच्या महापालिकेला हे विचारा: 2017-18 ला पीएम10 ची वार्षिक सरासरी किती होती आणि आता किती आहे, ती कोणत्या केंद्रांवर मोजली, पीएम2.5 चे काय झाले, आणि आलेल्या निधीतला किती पैसा धूळ सोडून कचरा जाळणे, वाहने आणि उद्योग यांवर खर्च झाला.