नोपाल (मेक्सिकन स्वयंपाकातील निवडुंग)

नोपाल : ओपन्शिया प्रजातीतील निवडुंगांचे (कुल—कॅक्टेसी) कोवळे चपटे फडे व त्यांची मेक्सिकोत होणारी भाजी. चिरलेल्या फड्यांना नोपालितोस म्हणतात. लागवडीतील मुख्य जाती ओपन्शिया फायकस-इंडिका ही होय. फडा पानासारखा दिसत असला तरी ते खोड असते. खरी पाने म्हणजे कोवळ्या फड्यावरील लहान, शंकूसारखी टोके, आणि ती लवकरच गळून पडतात. याच झाडांच्या गोड फळांना तूना आणि काही जातींच्या आंबट फळांना होकोनोस्तले म्हणतात.

उगम : लिनीअस यांनी 1753 मध्ये या जातीचे वर्णन कॅक्टस फायकस-इंडिका या नावाने केले, 1768 मध्ये मिलर यांनी ती ओपन्शियात घातली. मूळ वर्णन लागवडीतल्या झाडांवर बेतलेले असल्याने तिचा रानटी पूर्वज कोणता, हा वाद मागे राहिला. एका मतानुसार मध्य मेक्सिकोच्या पठारावरील काटेरी, वृक्षवत् ओपन्शिया मेगाकँथा हा तो पूर्वज. दुसऱ्या मतानुसार फायकस-इंडिका ही एकसंध नैसर्गिक जाती नसून, निरनिराळ्या वंशांतून माणसाने वेचलेल्या बिनकाटेरी झाडांना मिळालेले ते एकच नाव आहे. ग्रिफिथ यांच्या 2004 मधील डीएनए-अभ्यासाने उगम मध्य मेक्सिकोकडे दाखवला, पण एकाहून अधिक वंशांची शक्यताही मोकळी ठेवली. ही वनस्पती अष्टगुणित (गुणसूत्रांचे आठ संच असलेली, 2n = 88) आहे, ओपन्शियात संकर सहज होतात आणि बिनकाटेरी झाडाच्या बियांपासून पुन्हा काटेरी रोपे निघतात. हे सारे पाहता दुसरे मत अधिक पटण्याजोगे वाटते. बियांपासून काटेरी रोपे निघतात म्हणूनच बागाईतदार बी न पेरता फडाच लावतात.

तेवाकानच्या खोऱ्यातील (प्वेब्ला राज्य) गुहांत व ओआहाका राज्यातील गिला नाकित्स गुहेत ओपन्शियाचे अवशेष सापडले आहेत. तेवाकान येथील वाळलेल्या मानवी विष्ठेतही त्याचे धागे मिळाले. त्यावरून खाण्याची प्रथा ख्रिस्तपूर्व काही सहस्रकांइतकी जुनी ठरते. मात्र खाण्याचा पुरावा हा लागवडीचा पुरावा नव्हे, आणि लागवड केव्हा सुरू झाली याविषयी दिलेल्या तारखा सावधपणेच घ्याव्या लागतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश धर्मोपदेशक बेर्नार्दिनो दे साआगुन यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या, नाहुआ या मूळ मेक्सिकन लोकांविषयीच्या ग्रंथात नोपालचे अनेक प्रकार नोंदलेले आहेत.

तोडणी : मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडील मिल्पा आल्ता आणि मोरेलोस राज्यातील त्लाल्नेपांत्ला ही भाजीच्या नोपालची मोठी केंद्रे. फडा 15 ते 20 सेंमी. लांब, साधारण 100 ग्रॅमचा झाला की तोडतात. त्यापुढे तो तंतुमय होतो. तोडणीची वेळ चवीवर परिणाम करते. ही वनस्पती रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डाय-ऑक्साइड घेते व तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते. दिवसा ते आम्ल खर्ची पडते. त्यामुळे पहाटे तोडलेला फडा आंबट लागतो, दुपारचा बराच सौम्य. तोडताना बुडखा चिरडला तर तिथून कूज शिरते, म्हणून देठाच्या सांध्यावर धारदार चाकूने कापतात. फ्रिजमध्ये फार थंड जागी दीर्घकाळ ठेवल्यास पृष्ठभाग तपकिरी पडतो.

साफसफाई : मोठ्या काट्यांपेक्षा त्रास देतात ती बारीक कुसळे (आवाते). बिनकाटेरी म्हणवणाऱ्या वाणांवरही ती असतात. फडा बुडख्याशी धरून कडेची पातळ पट्टी सबंध कापून काढतात, बुडखा सुमारे 1 सेंमी. उडवतात, मग चाकू जवळजवळ आडवा धरून काट्यांचे डोळे तेवढे खरवडतात. हिरवी साल सोलायची नसते. नंतर वाहत्या पाण्याखाली धुऊन फडा उजेडात तिरपा धरून पाहावा; राहिलेले कुसळ जिभेत रुतले तर काढणे अवघड जाते.

चिकटा : नोपाल बिघडतो तो बहुधा चिकट्यामुळे. चिरताच भेंडीसारखी तार सुटते. हा चिकटा म्हणजे ॲरॅबिनोज, गॅलॅक्टोज, ऱ्हॅम्नोज, झायलोज व गॅलॅक्टुरॉनिक आम्ल यांची पाणी धरून ठेवणारी बहुशर्करा होय. जितके काप अधिक, तितका तो जास्त बाहेर येतो. सबंध भाजलेल्या फड्यात तो कमी जाणवतो.

उकडण्याच्या रीतीत 1 किग्रॅ. चिरलेले तुकडे 2 लिटर उकळत्या पाण्यात अर्धा कांदा, दोन लसूणपाकळ्या व चमचाभर मीठ घालून 10 ते 15 मिनिटे शिजवतात. फेस झपाट्याने चढून उतू जातो, म्हणून भांडे मोठे हवे. झाकण ठेवल्यास आम्ल आत कोंडून रंग शेवाळी होतो. शिजल्यावर चाळणीत ओतून गार पाण्याने धुतात. हिरवा रंग टिकावा म्हणून टोमॅटिलोची (टरफलात वाढणारे हिरवे, टोमॅटोसारखे फळ) टरफले, तेकेस्किते नावाचा खनिज क्षार किंवा चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. सोडा जास्त झाला तर तुकडे गळतात आणि क जीवनसत्त्वही जाते. तांब्याचे नाणे टाकण्याची जुनी चाल मात्र सोडून द्यावी. हिरवेपणा येतो तो अन्नात उतरलेल्या तांब्यामुळे.

दुसरी रीत अधिक चांगली, कारण चव पाण्याबरोबर वाहून जात नाही : तुकडे मीठ लावून पाणी न घालता जाड बुडाच्या भांड्यात मध्यम आचेवर ठेवावेत. आधी भरपूर पाणी सुटते. ते पूर्ण आटेपर्यंत, सुमारे 15 ते 20 मिनिटे, परतत राहावे. मध्येच उतरवले तर सगळा चिकटा भाजीत राहतो. कच्चे खायचे असल्यास जाडे मीठ चोळून 20 मिनिटे ठेवतात व धुतात.

पदार्थ : कोशिंबिरीत टोमॅटो, कांदा, कोथिंबीर, सेरानो मिरची, ओरेगानो व वरून ताजे चीज असते, लिंबू वाढतानाच पिळावे, नाहीतर रंग मरतो. सबंध फड्याला चिरा पाडून तव्यावर (कोमाल) प्रत्येक बाजूने 4-5 मिनिटे भाजतात. अंड्याबरोबर, हिरव्या साल्सात आणि त्लाकोयो या मक्याच्या पदार्थावर घालूनही नोपाल खातात. नाताळात व ईस्टरआधीच्या उपवासात रोमेरितोस ही पालेभाजी मोलेत (मिरच्यांच्या दाट मसालेदार रश्शात) शिजवताना नोपाल व सुक्या कोळंबीची भजी घालतात.

आहारमूल्य : 100 ग्रॅम कच्च्या नोपालमध्ये सुमारे 94% पाणी, 16 किलोकॅलरी, 2 ग्रॅम तंतू व 160 मिग्रॅ. कॅल्शियम असते. कॅल्शियमचा मोठा भाग ऑक्झॅलेटशी बांधलेला असल्याने तो सगळा अंगी लागत नाही. 2007 मधील एका अभ्यासात टाइप 2 मधुमेहींना मेक्सिकन न्याहारीबरोबर 85 ग्रॅम नोपाल दिल्यावर जेवणानंतरची रक्तशर्करा कमी चढली. असे अभ्यास लहान गटांवरचे आहेत. नोपाल हा औषधाला पर्याय नाही आणि मधुमेहाची औषधे चालू असल्यास रोज मोठ्या प्रमाणात खाण्याआधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. तेलात तळलेल्या किंवा चीजने लादलेल्या पदार्थाला या आकड्यांचा हवाला देता येत नाही.

महाराष्ट्रात : येथील फड्या निवडुंगही ओपन्शियाच, तोही अमेरिकेतून आलेला. त्याची लाल बोंडे कुसळे काढून खातात. फडे काटेरी व निबर असल्याने भाजीला घेत नाहीत. उरुळी कांचन येथील बायफ संस्थेने बिनकाटेरी निवडुंगाचा चारा म्हणून प्रसार केला आहे. आपल्याकडे निवडुंग म्हटले जाणारे त्रिधारी व शेर हे यूफोर्बिया प्रजातीचे असून त्यांचा पांढरा चीक विषारी व डोळ्यांना अपायकारक आहे. नोपालच्या पाककृतीत ते कधीही वापरू नयेत.