लोअरिंग स्प्रिंग की कॉइलओव्हर? उंची नंतर, आधी स्ट्रोक मोजा

गाडी खाली बसवायची ठरली की ही दोन नावं कानावर पडतात. 30 मिमी खाली आलेली गाडी स्प्रिंगने आलेली आहे की कॉइलओव्हरने, हे ती उभी असताना ओळखू येत नाही. चाक खड्ड्यात गेलं की लगेच कळतं.

लोअरिंग स्प्रिंगच्या कामात फक्त स्प्रिंग बदलते. शॉकअप आणि टॉप माउंट (शॉकअपचं वरचं टोक बॉडीला जोडणारा भाग) कंपनीचेच राहतात. नवी स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा आखूड आणि थोडी कडक असते, आणि गाडी बहुधा 25 ते 40 मिमी खाली येते. एकदा बसवली की तीच उंची, पुढे फेरफार नाही. कॉइलओव्हरमध्ये शॉकअपही नवा येतो. त्याच्या अंगावर आटे पाडलेले असतात आणि स्प्रिंग ज्या कॉलरवर बसते ती कॉलर आट्यांवरून वर-खाली फिरवता येते. खरं तर या नावाचा अर्थ शॉकअपभोवती गुंडाळलेली स्प्रिंग, आणि तशी ती कित्येक गाड्यांत कारखान्यातूनच येते, त्यामुळे नावावरून काहीच उलगडत नाही. बाजारात मात्र कॉइलओव्हर म्हटलं की आट्यांचा, उंची बदलता येणारा सेट एवढाच अर्थ घेतला जातो.

दोन्हींची तुलना स्ट्रोकपासून, म्हणजे शॉकअपचा रॉड जितका आत-बाहेर सरकू शकतो त्या अंतरापासून, सुरू करावी. समजा मूळ उंचीला शॉकअपच्या रॉडला बंप स्टॉपवर (शेवटचा दणका झेलणाऱ्या रबरावर) टेकेपर्यंत 70 मिमी जागा आहे. गाडी 35 मिमी खाली आणली की निम्मी जागा उभ्या उभ्याच गेली. मूळ दणका आता उरलेल्या 35 मिमीत थोपवायचा, म्हणून स्प्रिंग कडक केलेली असते. तरीही मोठ्या खड्ड्यात रॉड बंप स्टॉपवर जातोच, आणि तिथून पुढे गाडी स्प्रिंगवर न राहता रबरावर चालते. 'स्प्रिंग फारच कडक निघाली' ही तक्रार कित्येकदा या रबराची असते. शंका असेल तर रॉडवर एक केबल टाय हलका आवळा, शॉकअपच्या तोंडाशी सरकवा आणि नेहमीच्या रस्त्यावर फिरवून आणा. रॉड जितका आत गेला तितका टाय वर सरकलेला दिसेल. तो बंप स्टॉपला भिडलेला असेल, तर अजून खाली जाण्याचा विचार सोडा. बंप स्टॉप किती कापायचा हे स्प्रिंगच्या सूचनापत्रात दिलेलं असतं. तेवढाच कापा. तो पूर्ण काढला तर आत पिस्टन तळावर आपटतो आणि शॉकअप संपतो.

दुसरा मुद्दा डँपिंगचा, म्हणजे शॉकअप स्प्रिंगचं डुलणं किती आवरतो त्याचा. स्प्रिंग 25 टक्के कडक झाली, तर तिला तितकंच आवरायला डँपिंग सुमारे 12 टक्के जास्त लागतं, कारण हे नातं वर्गमुळाचं आहे. चांगल्या अवस्थेतला मूळ शॉकअप एवढं निभावून नेतो. स्प्रिंग 80 टक्के कडक असेल तर 34 टक्के जास्त लागतं, आणि ते त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे: उंचवट्यावरून गेल्यावर गाडी दोन-तीन वेळा डुलत राहते. म्हणूनच बरंच चाललेल्या शॉकअपवर नवी लोअरिंग स्प्रिंग टाकणं म्हणजे कामाचे पैसे दोनदा मोजणं. थोड्याच दिवसांत शॉकअप गळायला लागतो आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

कॉइलओव्हर घेतला की हे प्रश्न आपोआप सुटतात, असं मात्र नाही. त्यात दोन जाती आहेत. साध्या प्रकारात फक्त स्प्रिंगची कॉलर फिरते. कॉलर खाली घेतली की गाडी खाली येते आणि रॉडही तितकाच आत जातो, म्हणजे लोअरिंग स्प्रिंगसारखाच स्ट्रोक खाल्ला जातो. फार खाली घेतली तर चाक लोंबकळताना स्प्रिंग सैल होऊन खडखडते. दुसऱ्या प्रकारात शॉकअपचा खालचा ब्रॅकेटही आट्यांवर असतो. उंची ब्रॅकेटने लावायची, कॉलरला हात लावायचा नाही. इथे स्ट्रोक शाबूत राहतो, पण खाली आलेल्या गाडीतही चाक मूळइतकंच वर उचललं जातं, म्हणजे कमानीत जास्त आत शिरतं, म्हणून टायर कमानीच्या आतल्या अस्तराला घासतो का, ते स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दाबून तपासावं लागतं.

कॉलर आवळून 'स्प्रिंग कडक केली' असं बऱ्याचदा ऐकू येतं. सारख्या अंतराच्या वेढ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा प्रीलोडने, म्हणजे ती आधीच दाबून ठेवल्याने, बदलत नाही. बदलते ती उंची, आणि रॉड स्ट्रोकच्या कोणत्या भागात काम करतो ते. आट्यांचं अंतर 2 मिमी असेल तर कॉलरच्या एका फेऱ्याला स्प्रिंगची बैठक 2 मिमी सरकते. बऱ्याच गाड्यांत मागच्या बाजूला स्प्रिंग आर्मवर (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यावर) आतल्या अंगाला बसते. तिथे स्प्रिंग आणि चाकाच्या हालचालीचं प्रमाण 0.7 असेल, म्हणजे चाक 1 मिमी हललं की स्प्रिंग 0.7 मिमी हलत असेल, तर चाकापाशी फरक जवळजवळ 3 मिमी पडतो. म्हणून पुढे-मागे सारखे फेरे देऊन गाडी सपाट बसत नाही. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजूनच उंची लावा, आणि तीही गाडी थोडी पुढे-मागे ढकलून, टायरवरचा ताण सुटल्यावर. जॅकवरून नुकती उतरवलेली गाडी खोटी उंची दाखवते.

बसवताना दोन्हींत सारख्याच चुका होतात. स्प्रिंग कंप्रेसरचे दोन्ही हूक समोरासमोर आणि सारखे आवळलेले हवेत. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणसाचा जीव जाऊ शकतो. रॉडच्या वरच्या नटावर इम्पॅक्ट गन चालवू नका, रॉड गरागरा फिरून सील खराब होतं. सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते आर्मच्या बुशकडे (सांध्यातल्या रबराकडे). चाकं लटकत असताना त्यांचे बोल्ट पूर्ण आवळले तर गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं, लवकर फाटतं आणि उंचीही थोडी चुकते. बोल्ट हलके लावा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, मग ठरलेल्या टॉर्कने (जोराने) पूर्ण आवळा. स्प्रिंग पहिल्या काही दिवसांत थोडी बसते, म्हणून अलाइनमेंट त्यानंतर करा. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलतोच, पण टायर झपाट्याने खातो तो टो (चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं). हेडलाइटचा झोतही पुन्हा लावून घ्या.

मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत (जिथे शॉकअपच चाकाचा वरचा आधार असतो आणि खाली एकच लोअर आर्म असतो) खाली जाण्याला एक मर्यादा आहे. लोअर आर्म आडवा होऊन त्याचं बाहेरचं टोक वर झुकू लागलं की रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली घसरतो. वळणावर झुकण्याची ओढ मग कमी होण्याऐवजी वाढते, आणि ती दाबायला पुन्हा कडक स्प्रिंग लागते. या दुष्टचक्रात शिरण्यापेक्षा आर्म आडवा दिसला की थांबलेलं बरं.

मूळ स्प्रिंग कापण्याचा मार्ग स्वस्त दिसतो. सहा काम करणाऱ्या वेढ्यांतला एक काढला की स्प्रिंग 20 टक्के कडक होते, पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि गॅसने कापलं असेल तर तिथल्या पोलादाचा कस जातो. हा पर्याय यादीत धरूच नका.

आता निवड. रोजची गाडी, 30 मिमीच्या आसपास उंची, शॉकअप धडधाकट, आणि एकदा लावलं की विसरायचं, असं असेल तर नामांकित बनावटीची लोअरिंग स्प्रिंग पुरते. शॉकअप थकलेले असतील तर स्प्रिंगबरोबर तिच्यासाठीच जुळवलेले आखूड शॉकअप घ्या. त्याच पैशांत येणाऱ्या स्वस्त कॉइलओव्हरपेक्षा ही जोडी कधीही सरस, कारण स्वस्त सेटच्या डँपिंग बदलण्याच्या नॉबवरचे 32 क्लिक फिरवताना छान वाटतात आणि मधल्या वीसांत फरक जाणवत नाही. कॉइलओव्हरचे पैसे वसूल होतात ते उंची खरोखर बदलत राहणार असाल तेव्हा: चाकांचे दोन सेट, ट्रॅकचे दिवस, किंवा चारही कोपऱ्यांचं वजन काट्यावर जुळवायचं असेल तर.

आणि त्याची देखभाल लागते. चिखल आणि गंज आट्यांत धरला की कॉलर जागची हलत नाही, मग पाना निसटून कॉलरचे खाचे गोल होतात. फिरवण्याआधी ब्रशने आटे साफ करा, गंज सोडवणारं भेदक तेल मारून थोडा वेळ जाऊ द्या, चाक उचलून स्प्रिंगवरचा भार काढा आणि आधी लॉक रिंग सोडा. उंची लागली की लॉक रिंग पुन्हा आवळा. ती विसरली तर कॉलर चालता चालता हळूहळू उतरत जाते.