पार्श्वभूमी : दाताची भीती आणि ‘भूल’ हा शब्द

दाढ काढायची ठरली की पेशंटचा पहिला प्रश्न असतो, ‘भूल देणार का?’ डॉक्टर ‘हो’ म्हणतात आणि तिथेच गोंधळ होतो. डॉक्टरांच्या मनात हिरडीतले छोटे इंजेक्शन असते. पेशंटच्या डोळ्यांसमोर ऑपरेशन थिएटर आणि सलाइन उभे राहते, शुद्धीवर आलोच नाही तर, ही धास्तीही.

याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. १८४४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी एका दंतवैद्याने हसवणारा वायू हुंगून स्वतःचाच दात काढवून घेतला, दोन वर्षांनी बॉस्टनमध्ये ईथर हे हुंगून बेशुद्ध करणारे औषध आले. म्हणजे पूर्ण भूल, माणसाला बेशुद्ध करणारी, दाताच्या खुर्चीतच रुजली. ब्रिटनमध्ये तर दाताच्या साध्या दवाखान्यात पूर्ण भूल देण्याची पद्धत २००१ अखेरपर्यंत होती. मृत्यू झाले, वाद झाले, मग ती हॉस्पिटलपुरतीच ठेवली गेली.

जागच्या जागी बधिर करण्याची वाट वेगळी. त्यासाठीची औषधे एकामागून एक आली: १८८४ मध्ये कोकेन, १९०५ च्या सुमारास प्रोकेन, १९४८ पासून लिग्नोकेन. आपल्याकडे आजही मुख्यतः तेच टोचतात, बहुधा अ‍ॅड्रिनॅलिन मिसळून. टोचल्यावर छातीत धडधडते ते कधी कधी त्यामुळे. आधी कोणी सांगितले नसेल तर पेशंटला वाटते, भूल अंगावर येतेय.

या दोन्ही गोष्टींना बोलीत शब्द एकच, ‘भूल’. ‘स्थानिक संवेदनाहरण’ पुस्तकातच राहिले. म्हणून ‘तेवढी जागा बधिर करते’ असे म्हणणारे डॉक्टर मला जास्त बरोबर वाटतात. पण हा शब्दही पुरा पडत नाही. बधिर म्हटल्यावर माणूस धरून चालतो की काहीच कळणार नाही. दुखणे थांबते, दाब थांबत नाही. दाढ हलवताना जबडा ओढला जातो, हाडातून करकर थेट कानात येते. त्या क्षणी ‘भूल चढलीच नाही’ असे वाटून माणूस ताठरतो, आणि पुढे दहा वर्षे दवाखान्याकडे फिरकत नाही.

कधी कधी ती खरोखरच चढत नाही. पू झालेल्या, सुजलेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि तिथे औषध कमी लागू पडते. लवंगेचे तेल आणि मेडिकलमधल्या गोळीवर महिने काढून, गाल सुजल्यावर येणाऱ्याला म्हणूनच सगळ्यात जास्त दुखते. भीतीने उशीर, उशिराने दुखणे, दुखण्याने पुन्हा भीती. ‘नाटक करू नका’ हे वाक्य या माणसाला ऐकवू नये.

भीती मोजण्याची पहिली प्रचलित प्रश्नावली १९६९ ची. तिच्यात चार प्रश्न होते: उद्या दवाखान्यात जायचे आहे, बाहेर थांबलो आहोत, ड्रिल तयार होतेय, दात साफ होणार आहेत. सुईबद्दल एकही नाही. जी सुई दुखणे थांबवते तिचीच भीती वाटते का, हे विचारणारा पाचवा प्रश्न १९९५ च्या सुधारित आवृत्तीत आला.

आधी हिरडीला बधिर करणारे जेल लावणे, औषध सावकाश सोडणे, पेशंटने हात वर केला की थांबणे, हे आता पुष्कळ ठिकाणी होते. मराठीत तो पाचवा प्रश्न विचारताना मात्र ‘भूल’ लिहू नये. ‘हिरडीत इंजेक्शन देणार आहेत’ असे लिहिले, तर उत्तर कुठल्या भीतीचे आहे ते तरी कळेल.