पट्टा तुटला, पण कुठला?

"काका, बेल्ट तुटला. इंजिन गेलं का?" असा फोन मला महिन्या-दोन महिन्यांनी येतोच. कधी म्हापशाहून, कधी फोंड्याहून, कधी डिचोलीच्या एखाद्या गॅरेजमधून. मी आधी विचारतो, कुठला बेल्ट? पलीकडे दोन क्षण शांतता, मग उत्तर येतं, "बेल्ट हो, इंजिनाचा." पण पुष्कळ गाड्यांत इंजिनाचे पट्टे दोन जातींचे असतात: बाहेरचा ड्राइव्ह बेल्ट आणि आतला टायमिंग बेल्ट. शेजारी उभा असलेला मेकॅनिकही "बेल्ट तुटलो" एवढंच सांगत असतो. इथून दोन चुका सुरू होतात. कुणी अर्ध्या दिवसाच्या कामासाठी इंजिन खोलायला निघतो, आणि कुणी "फॅन बेल्टच तर आहे" म्हणत गाडी तशीच घरापर्यंत रेटतो आणि इंजिन तापवून त्याचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाकवून ठेवतो. स्पोर्ट्स कारला दोन्ही चुका फार महाग पडतात, कारण तिचे भाग म्हापशाच्या बाजारात मिळत नाहीत. मागवावे लागतात, आणि तोवर गाडी अंगणात ताडपत्रीखाली.

गोव्यात या गोंधळात तिसरी भर पडते ती स्कूटरची. इथे घरोघर स्कूटर आहे, आणि स्कूटरचा ड्राइव्ह बेल्ट खरोखरच मागचं चाक फिरवतो. तो तुटला की इंजिन चालू राहतं आणि गाडी जागची हलत नाही. तेच नाव कारच्या बिलावर दिसलं की माणसाला वाटतं, इथेही चाकांचाच काहीतरी संबंध असणार. कारचा ड्राइव्ह बेल्ट चाकांना काहीही देत नाही. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरून ताकद घेऊन तो बॅटरी भरणारा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि पुष्कळ गाड्यांत इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा वॉटर पंप चालवतो. आपण वर्षानुवर्षं ज्याला फॅन बेल्ट म्हणतो तो हाच. रेडिएटरचा पंखा विजेवर गेला, तरी जुनं नाव राहिलं. हा पट्टा तुम्ही बॉनेट उघडून शंभर वेळा पाहिला असेल, म्हणून त्याचं वर्णन करत नाही.

टायमिंग बेल्ट दिसत नाही. तो इंजिनाच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या झाकणाआड असतो आणि क्रँकला कॅमशाफ्टशी, म्हणजे वॉल्व उघडणाऱ्या दांड्याशी, जोडतो. एक बाहेर, एक आत. एक स्वस्त, एक महाग. हे फरक लोकांना ठाऊक असतात आणि ते गौणही आहेत. खरी गल्लत होते ती वेगळ्याच ठिकाणी.

दोन्ही पट्टे काळे, दोन्ही रबराचे, दोन्हींवर खाचा. त्या खाचांची दिशा बघा. ड्राइव्ह बेल्टच्या खाचा लांबीच्या दिशेने धावतात, नांगरटीतल्या सऱ्यांसारख्या. टायमिंग बेल्टचे दात आडवे असतात, शिडीच्या पायऱ्यांसारखे. सगळा फरक या दिशेत आहे. ड्राइव्ह बेल्ट घर्षणावर चालतो, पुलीला चिकटून तिला ओढतो. त्याला थोडं घसरायची मुभा आहे. तो जरासा घसरला तर अल्टरनेटर किंचित हळू फिरेल, एसी थोडा कमी थंड होईल, आवाज होईल. अल्टरनेटरची पुली या क्षणी नेमकी कुठल्या कोनात आहे, याचं कुणालाच सोयरसुतक नाही. ती फिरत राहिली की झालं.

कॅमशाफ्टला मात्र फिरणं पुरत नाही. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोबर एक झाला पाहिजे, आणि तोही ठरलेल्या जागी सुरू होऊन ठरलेल्या जागी संपला पाहिजे. पिस्टन खाली जात असताना हवा घेणारा वॉल्व उघडा हवा, पिस्टन दाबत वर येताना दोन्ही वॉल्व बंद हवेत. टायमिंग बेल्ट ताकद पोचवतो हे खरं, पण त्याचं मूळ काम ताल धरण्याचं आहे. भजनात एका झांजेने मात्रा सोडली की पुढचं सगळं भजन त्या मात्रेने मागे पडतं, ते आपोआप जुळून येत नाही. पट्ट्याचा एक दात पुलीवरून उडाला तर तसंच होतं. इंजिन चालतं, पण खडखडतं, दम टाकतं, चेक इंजिनचा दिवा लागतो. अनेक दात उडाले किंवा पट्टा तुटला, तर कॅम जिथल्या तिथे थांबतो आणि क्रँक मात्र आपल्या वेगाने फिरतच राहतो.

पुढे काय होणार, हे इंजिनाच्या घडणीवर आहे. काही इंजिनांत पूर्ण उघडलेला वॉल्व आणि वर आलेला पिस्टन यांची जागा एकच असते. ते वेगवेगळ्या वेळी येतात म्हणूनच भेटत नाहीत. पोर्श ९४४ चं इंजिन असंच आहे. तिथे टायमिंग बेल्ट तुटला की वॉल्व वाकलेच म्हणून समजा. उलट, पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ च्या १.६ लिटर इंजिनात दोघांमध्ये अंतर राहतं. पट्टा तुटला तर गाडी बंद पडते, नवा बसवून पुल्यांवरच्या खुणा जुळवल्या की पुन्हा सुरू होते. तुमचं इंजिन कुठल्या जातीचं आहे, हे गाडी घेतानाच विचारून ठेवा.

आता मला सर्वांत जास्त खटकणारं वाक्य: "माझ्या गाडीला चेन आहे, बेल्टचं टेन्शन नाही." १९९६ साली आलेल्या पोर्श बॉक्स्टरला टायमिंगसाठी चेन आहे, हे खरं. फेरारीच्या एफ३५५ ला टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवावं लागायचं, आणि एफ४३० पासून तिथेही चेन आली, हेही खरं. पण चेन फक्त आतल्या पट्ट्याची जागा घेते. बाहेरचा पट्टा या गाड्यांतही आहे. बॉक्स्टरमध्ये इंजिन मधोमध आणि त्याचं तोंड आसनांकडे असल्यामुळे तो पट्टा आसनांमागचं कार्पेट आणि पत्रा काढल्यावरच दिसतो. दिसत नाही म्हणून लोक त्यालाच टायमिंग बेल्ट समजतात, किंवा तो नाहीच असं धरून चालतात.

आणि बाहेरचा पट्टा म्हणजे निरुपद्रवी, हाही समज सोडून द्या. वॉटर पंप कोण फिरवतं, यावर सगळं आहे. ९४४ मध्ये पंप टायमिंग बेल्टवर आहे. तिथे बाहेरचा अल्टरनेटरचा पट्टा गेला तरी पाणी फिरत राहतं, आणि दिवसाउजेडी एसी बंद करून बॅटरीच्या जिवावर जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. बॉक्स्टरमध्ये आणि त्या जुन्या एमएक्स-५ मध्ये पंप बाहेरच्या पट्ट्यावर आहे. तिथे बॅटरीचा लाल दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. हवेवर थंड होणाऱ्या जुन्या पोर्श ९११ मध्ये तर फॅन बेल्ट हे नाव अक्षरशः खरं आहे. तो पट्टा इंजिन थंड करणारा पंखाच फिरवतो.

चोर्ला घाटात माझ्या एका मित्राचा असाच बाहेरचा पट्टा तुटला. स्टिअरिंग एकाएकी जड झालं, बॅटरीचा दिवा लागला. ओळखीच्या मेकॅनिकने फोनवर सांगितलं, फॅन बेल्ट आहे, हळूहळू या. त्याच्या डोक्यात कुठली गाडी होती कोण जाणे. मित्राने चढ तसाच चढवला. तापमानाचा काटा वर गेलेला दिसला तोवर हेड गॅस्केट गेलं होतं. गाडी नऊ महिने उभी राहिली. त्या दिवशी कुणी एकच प्रश्न विचारला असता, पाण्याचा पंप कशावर आहे, तर नुकसान पट्ट्यापुरतं राहिलं असतं.

आवाजाचंही सांगून टाकतो. जूनच्या पहिल्या पावसात सकाळी गाडी सुरू करताना किंचाळणारा पट्टा नेहमी बाहेरचाच. टायमिंग बेल्ट तसा किंचाळत नाही, तो बहुधा काही न सांगताच जातो. इंजिन चालू ठेवून, हात आणि सैल कपडे लांब ठेवून, पट्ट्याच्या खाचांवर बाटलीने थोडं पाणी फवारा. आवाज वाढला तर पट्टा सैल आहे किंवा त्याला ताणून धरणारा टेन्शनर गेला आहे. क्षणभर थांबून परत आला तर एखादी पुली रेषेत नाही. साबण घासणं आणि चिकट स्प्रे मारणं मला अजिबात मान्य नाही. आवाज दबतो, पण त्यामागचं मूळ कारण तसंच राहतं, आणि त्या चिकट्यावर आपली तांबडी धूळ बसून पट्टा आणखी झिजतो.

भेगा शोधत बसण्याची सवयही जुनी झाली. आताचे पट्टे ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात, त्यांना सहजी भेगा जात नाहीत. ते टायरसारखे झिजतात, खाचा खोल आणि रुंद होतात. ते मोजायचं छोटं प्लॅस्टिकचं माप मिळतं, तेच वापरा.

बदलताना पट्टा काढण्याआधी त्याच्या वाटेचा फोटो घ्या. जुन्या पट्ट्यावरचा आकडा वाचा: ६पीके१८७० म्हणजे सहा धारांचा (धार म्हणजे खाचांमधला उंचवटा), १८७० मिलिमीटर लांबीचा. जवळपासच्या मापाचा पट्टा "बसतो" म्हणून बसवू देऊ नका. पट्टा निघाला की प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर, डगडग, अडकणं, काहीही जाणवलं तर आधी ती बदला. तुटलेल्या पट्ट्यामागे पुष्कळदा जाम झालेलं बेअरिंग किंवा पट्ट्यावर गळणारं तेल असतं, आणि ते न बघता नवा पट्टा चढवणाऱ्या गॅरेजात मी दुसऱ्यांदा जात नाही. पट्ट्याच्या चिंध्या झाल्या असतील तर टायमिंगचं झाकणही उघडून बघायला सांगा. काही इंजिनांत क्रँकच्या पुलीमागून ते धागे आत शिरतात आणि आतल्या पट्ट्याला अडकतात. नवा चढवल्यावर प्रत्येक धार आपल्या खाचेत बसली आहे ना, हे बोटाने चाचपा. एक धार काठाबाहेर राहणं ही नेहमीची चूक आहे. मग क्रँक हाताने दोन फेरे फिरवूनच चावी लावा.

टायमिंग बेल्टची मुदत किलोमीटर आणि वर्षं अशा दोन मापांत दिलेली असते, आणि जे आधी भरेल ते धरायचं असतं. गोव्यात नेहमी वर्षंच आधी भरतात. पेडण्यापासून काणकोणापर्यंत सगळा गोवा उत्तर-दक्षिण १०५ किलोमीटर. त्यात मालक आखातात किंवा बोटीवर, गाडी पावसाळाभर झाकलेली. दहा वर्षांत वीस हजार किलोमीटर झालेली गाडी दाखवून लोक अभिमानाने सांगतात, पट्टा अजून कंपनीचाच आहे. मी अशा गाडीची चावी लावू देत नाही. टो करून गॅरेजात न्यायची, झाकण उघडायचं, पट्टा, टेन्शनर आणि पंप त्याच पट्ट्यावर असेल तर पंपही एकदम बदलायचा. बिलावर तारीख आणि किलोमीटर लिहून घ्यायचे, आणि "बेल्ट बदलला" एवढंच लिहिलेलं बिल परत करून कुठला ते लिहून मागायचं.