तिकीट कन्फर्म, तरी विमानात जागा नाही : भरपाई कशी मागायची

काही प्रवासी ऐनवेळी येत नाहीत, हे धरून विमान कंपन्या जागांपेक्षा जास्त तिकिटे विकतात. सगळेच हजर झाले की कुणाला तरी खाली राहावे लागते. याला ‘डिनाइड बोर्डिंग’ म्हणतात. भारतात त्याची भरपाई डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) नियमांनी ठरते.

पात्रतेच्या अटी दोन : तिकीट कन्फर्म हवे आणि तुम्ही वेळेत हजर झालेले असायला हवे. खरा वाद दुसऱ्या अटीवरच होतो, कारण उशिरा आलात अशी नोंद झाली की हक्क संपला. म्हणून वेब चेक-इनचा मेसेज, बोर्डिंग पास, बॅगेचा टॅग जपून ठेवा. काउंटरवर पोहोचल्याची वेळ दिसेल असा एक फोटोही काढा.

कंपनीने आधी स्वखुशीने जागा सोडणारे प्रवासी शोधायचे असतात. त्यात तुम्ही हो म्हणालात, तर जे ठरेल तेवढेच मिळते. त्यामुळे पुढे केलेल्या कागदावर ‘व्हॉलंटियर’ लिहिलेय का, हे पाहूनच सही करा. बहुतेक जण इथेच फसतात.

पर्यायी विमान मूळ वेळेपासून तासाभरात सुटणार असेल, तर भरपाई नाही. २४ तासांच्या आत असेल तर एकेरी मूळ भाडे अधिक इंधन शुल्क यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,०००. पर्यायी विमान नकोच असेल, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत आणि वर ही चौपट रक्कम, मर्यादा तीच. समजा मूळ भाडे ३,२०० आणि इंधन शुल्क ६०० आहे. दुप्पट म्हणजे ७,६०० आणि चौपट १५,२००. विमानतळ शुल्क, कर या हिशेबात येत नाहीत, म्हणून तिकिटावरच्या एकूण आकड्याला दोनाने गुणू नका.

काउंटर सोडण्याआधी ‘जागा नसल्याने प्रवास नाकारला’ असे लेखी घ्या. देत नसतील तर तिथूनच कंपनीला ईमेल करा; ईमेलवर वेळ आपोआप पडते. कंपनीकडे करायच्या भरपाईच्या अर्जात पीएनआर, विमान क्रमांक, तारीख, हिशेब आणि बँक खाते लिहा. सोबत तिकीट, बोर्डिंग पास आणि ओळखपत्राची प्रत जोडा.

कंपनीने दाद दिली नाही, तर विमान प्रवाशांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन लावा. शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोग. तिथे २ वर्षांच्या आत जावे लागते. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते.